दंडावरचे राखणदार

आमच्या आत्याला सगळे फिनेलआत्या म्हणतात, अर्थात तिच्या पाठीमागे. ती इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये मदतनीस. शस्त्रक्रियेआधी डॉक्टर ब्रशने कोपरापर्यंत हात घासतात, ते बघून बघून तिनं ती सवय घरी आणली. भाजी आणली की ब्रश, दाराची कडी लावली की ब्रश. आम्ही तिच्याकडे चहा प्यायचो तेही कपाला चोरून हात लावल्यासारखे.

तिचे हात मात्र पार भेगाळले. अशाच एका भेगेतून मनगटावर गळू आलं. एक औषध झालं, दुसरं झालं, गळू हटायचं नाव घेईना. तपासणीत कळलं, हा जंतू नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. नेमकी तेव्हाच तिची लेक बाळंत झाली. गळू जाईपर्यंत नातीला हात लावायचा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. आत्या लेकीच्या दारात उभी राहून लांबूनच नातीला बघायची आणि घरी येऊन आणखी जोरात हात घासायची. मला तिचा राग यायचा आणि कीवही.

इस्पितळाच्या प्रयोगशाळेतल्या बाई आत्याच्या मैत्रीण. आत्याच्या दंडावर जिथवर ब्रश पोचत नव्हता, तिथून त्यांनी कापसाच्या बोळ्यानं जंतू घेतले आणि गळूतल्या जंतूंबरोबर वाढवले. मग आम्हाला बोलावून एक चपटी बशी उजेडात धरली.

"हा दुधट थर दिसतो ना, तो गळूतला. हे ठिपके तुझे."

"माझ्या अंगावर जंतू?" आत्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"सगळ्यांच्याच असतात. ठिपक्यांभोवती बघ की."

काही ठिपक्यांभोवती थर उगवलाच नव्हता. स्वच्छ, गोल, रिकामी जागा. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. महागड्या गोळ्यांनी हात टेकले, आणि इथे डोळ्यांना न दिसणारे हे जीव बिनपगारी पहारा देत होते!

"हे स्वतः औषध बनवतात?" आत्यानं हळूच विचारलं.

"बनवतात. आणि तू त्यांनाच रोज हाकलतेस. थिएटरमध्ये नियमानं हात धू. घरी साधा साबण पुरे, आणि भेगांना मलम लाव."

आत्या बराच वेळ स्वतःच्या दंडाकडे बघत राहिली.

पुढे गळू चिरलं, वेगळं औषध लागू पडलं, भेगा भरल्या, तपासणीत तो जंतू सापडला नाही. लेकीच्या घरी आत्यानं साध्या साबणानं हात धुतले. ब्रश पर्समध्ये होता, मला ठाऊक होतं. पण तिनं पर्स उघडली नाही. बाही वर सरकवली आणि नातीचं उघडं डोकं अलगद त्याच दंडावर घेतलं.

"घे गं बाई," ती तिच्या कानाशी म्हणाली, "माझ्यातले थोडे तुलाही."