टिपणीसबाईंची निळी मंडळी

टिपणीसबाईंच्या लॅबमधून नुसता रिपोर्ट घेऊन घरी जाता यायचं नाही. आधी स्टुलावर बसून, मायक्रोस्कोपला डोळा लावून स्वतःचं रक्त बघावं लागायचं. मग तुम्ही शाळेचे हेडमास्तर असा, उरण नाक्यावर सुरमई विकणारी कोळीण असा, नाहीतर नवीन पनवेलमध्ये नुकताच ब्लॉक मिळालेले बँकेतले साहेब असा. "आम्हाला काय कळतंय त्यातलं, तुम्हीच सांगा," असं कोणी म्हणालं की बाई म्हणायच्या, "जन्मभर अंगात बाळगता आणि ओळख नाही? या, भेटून जा." लोक लाजत बसायचे. एक डोळा मिटायला जायचे आणि दोन्ही मिटायचे, आणि तसेच मिटलेल्या डोळ्यांनी "हो हो, दिसलं" म्हणायचे. "काय दिसलं?" बाई लगेच पकडायच्या. सुटका नसायची.

मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तो भांडायला. नवीन पनवेलमध्ये मुलांचा दवाखाना टाकून मला जेमतेम वर्ष झालं होतं आणि माझ्या एका पेशंटचा रिपोर्ट त्यांच्याकडे अडकला होता. जुन्या पनवेलच्या बाजारातला तो अरुंद जिना चढून मी तावातावाने आत गेलो. खुर्चीत एक भरभक्कम बाई बसल्या होत्या. चष्मा डोक्यावर, पदर कमरेला खोचलेला, बोटांवर जांभळ्या रंगाचे कधीच न जाणारे डाग. "पेशंटचे वडील न बघता पळाले, म्हणून रिपोर्ट ठेवून घेतलाय," त्या म्हणाल्या. "तुम्ही बघा त्यांच्या वतीने." मी एम.डी. झालेला माणूस. मी बसलो आणि बघितलं. त्या दिवसापासून त्यांनी मला "बाळडॉक्टर" म्हणायला सुरुवात केली. मुलांचा डॉक्टर म्हणून की वयावरून, ते मी कधी विचारलं नाही.

पांढऱ्या पेशींना त्या पेशी म्हणतच नसत. त्यांच्यासाठी ती "मंडळी" होती. "आज मंडळी बरीच जमलीत, घशात पू असणार," किंवा "मंडळी दमलेली दिसतायत, याला दोन दिवस घरी ठेवा," असं त्या सांगायच्या आणि ते बहुधा बरोबर निघायचं. लग्न त्यांनी केलं नव्हतं. कोणी फार खोदून विचारलं तर "एवढी मंडळी सांभाळायची म्हणजे वेळ नको?" म्हणून हसायच्या. हसल्या की खालच्या दुकानातल्या शिंप्याचं मशीन क्षणभर थांबायचं, असं तो शिंपीच सांगायचा. दुपारी कोलंबीचं कालवण आणि भात खाऊन त्या त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पंधरा मिनिटं घोरायच्या. त्या वेळात मात्र कोणाचीही मंडळी आली तरी थांबायची.

त्यांचं एक वाक्य मी अजून माझ्या पेशंटच्या आयांना ऐकवतो. रिपोर्टचा कागद हातात धरून कोणी थरथरायला लागलं की बाई तो कागद काढून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "आधी बघा, मग घाबरा." बघितल्यावर माणूस निम्मा घाबरतो, हा त्यांचा अनुभव. माझाही तोच झाला, पण तो मला सुगंधामुळे आला.

सुगंधा विचुंब्याची. नवरा न्हावाशेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवायचा, घरी सासू पार्वतीबाई आणि चार वर्षांचा मंगेश. या मंगेशच्या मानेत गाठी यायच्या, पिकायच्या, फुटायच्या आणि बऱ्या होता होता दुसऱ्या जागी यायच्या. एकदा यकृतात पू झाला तेव्हा मुंबईला नेऊन ऑपरेशन करावं लागलं. मी टी.बी.ची औषधं देऊन पाहिली, काही फरक नाही. एके दिवशी सुगंधा सहज बोलून गेली, "माजा भाव पन असाच गेला, डॉक्टर. लहानपनीच. त्यालाबी अशाच गाठी." ते मी बाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा डोक्यावरून खाली आणला, म्हणजे गोष्ट गंभीर होती.

"मंडळी हजर आहेत, भरपूर आहेत," त्या मंगेशच्या रक्ताची काच सरकवत म्हणाल्या. "जंतू गिळतायत पण. मग घोडं अडतंय कुठे?" त्यांनी मला समजावून सांगितलं तसंच सांगतो, कारण पुस्तकात मी ते वाचलं होतं आणि मला ते कळलं नव्हतं. पांढरी पेशी जंतू गिळते, पण नुसतं गिळून भागत नाही. आत त्याला जाळावं लागतं. ती आग पेटवणारं एक एन्झाइम असतं. ज्याच्या पेशींत ते चालत नाही, त्याच्या अंगात गिळलेले जंतू आतच मजेत राहतात आणि गाठी येत राहतात. या एन्झाइमचा मुख्य तुकडा बनवणारा जीन एक्स गुणसूत्रावर असल्याचं नुकतंच परदेशात सापडलं होतं, आणि बाईंना त्याचा इतका आनंद झाला होता की जणू तो त्यांच्याच माळ्यावर सापडला होता. मुलाला एक्स एकच, आणि तो आईकडून येतो. म्हणून मामा आणि भाचा.

तपासायची रीत मोठी देखणी होती. एक पिवळी पूड असते. ती पाण्यात विरघळवून ताज्या रक्तात मिसळायची आणि अंगाच्या उबेइतकी ऊब द्यायची. आग पेटवू शकणाऱ्या पेशी त्या पिवळ्याचं गडद निळं करून टाकतात. ज्यांना पेटवता येत नाही त्या तशाच फिकट राहतात. पूड बाईंनी मुंबईच्या एका वर्गमैत्रिणीकडून मिळवली. रक्त मुंबईला पाठवण्यात अर्थ नव्हता. "शिळं झालं की मंडळी रुसतात," असं त्यांचं म्हणणं. तुलनेसाठी त्यांनी स्वतःच्याच बोटाला टोचून घेतलं. बाईंची मंडळी निळीशार झाली. मंगेशच्या काचेवर आम्ही दोघांनी दुपारभर शोधलं, एकही निळी पेशी नव्हती.

सुगंधाचं रक्त त्यात अर्धंमुर्धं निघालं. एक पेशी निळी, शेजारची फिकट, पुढची पुन्हा निळी. बायकांना एक्स दोन असतात आणि प्रत्येक पेशी दोनातला एकच वापरते, म्हणून असं दिसतं. बाईंच्या नियमाप्रमाणे तिला ते बघावंच लागलं, आणि सोबत आलेल्या पार्वतीबाईंनाही. पार्वतीबाई बराच वेळ बघत होत्या. मग उठून त्या म्हणाल्या, "म्हंजी हे हिच्याकडूनच आलं. आमच्यात असं कुनाला नाय."

सुगंधा खाली मान घालून उभी होती. तिला दिवस गेलेले होते. पार्वतीबाईंची नजर तिच्या पोटावर होती आणि त्या नजरेत काय होतं ते सांगायची गरज नाही. मला राग आला. बाई मात्र हसल्या. "पार्वतीबाई, वाल पेरता ना तुम्ही? पेरताना कुठलं बी किडकं निघेल ते तुम्ही ठरवता?"

"नाय."

"मग हिने कुठे ठरवलं? हिच्या भावालाही कोणी विचारलं नव्हतं. आणि ही निळी मंडळी बघितलीत ना, यांच्या जोरावर ही धडधाकट आहे, तुमचं घर सांभाळते. पोटातलं पोर निळ्या अर्ध्यातलं की फिकट, ते आलं की बघू. आधी बघा, मग घाबरा."

मंगेशला मी रोजचं अँटिबायोटिक सुरू केलं. कायमचं. त्याने गाठी पुष्कळ कमी झाल्या, आणि तो पुढे अधूनमधून आजारी पडत, बरा होत, शाळा बुडवत मोठा झाला. पण त्या वेळी सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता तो दुसऱ्या बाळासाठी. मुलगी झाली असती तर एवढी काळजी नव्हती. झाला मुलगाच.

बाईंना तपासायची घाई होती. फिकट निघाला तर औषध पहिल्या गाठीच्या आधीच सुरू करता आलं असतं. पण पार्वतीबाईंनी ठणकावून सांगितलं, सव्वा महिना झाल्याशिवाय बाळ-बाळंतीण उंबरा ओलांडणार नाहीत. मी चिडलो. विज्ञान वगैरे बोलायला लागलो. बाई म्हणाल्या, "बाळडॉक्टर, ती येत नाही तर आपण जाऊ. मंडळी कुठेही बघता येतात, फक्त गार होऊ द्यायची नाहीत." आणि एका सकाळी आम्ही रिक्षाने विचुंब्याला निघालो. मायक्रोस्कोप बाईंच्या मांडीवर साडीत गुंडाळलेला, काचा आणि रंगाच्या बाटल्या माझ्या मांडीवर. प्रत्येक खड्ड्याला बाई रिक्षावाल्याला "अहो, मांडीवर जीव आहे" म्हणत होत्या, आणि तो बिचारा मागे वळून त्या साडीच्या गुंडाळीकडे बघत होता.

ऊब द्यायचं यंत्र काही रिक्षात आणता येण्यासारखं नव्हतं. बाईंनी त्याचा विचार आधीच केला होता. बाळाचं, मंगेशचं आणि स्वतःचं रक्त तीन बारक्या बाटल्यांत पिवळ्या पाण्याबरोबर घातलं, बुचं लावली, चिठ्ठ्या चिकटवल्या आणि रुमालात गाठोडं बांधलं. "आता हे कोणाच्या तरी काखेत ठेवायचं. ताप मोजतो तिथे. हलायचं नाही." मी हात पुढे केला, तर पार्वतीबाई आडव्या आल्या. "नातू माजे हायत. मी ठेवते." आणि त्या ओटीवर गाठोडं काखेत धरून, दंड अंगाशी घट्ट दाबून बसल्या.

सगळं छान चाललं होतं. एवढ्यात बातमी ऐकून शेजारच्या बायका आल्या. आल्या त्या ओटीवर टेकल्या, आणि पार्वतीबाईंच्या जिवाची घालमेल सुरू झाली. डॉक्टरीणबाई घरात, चार बायका दारात, आणि चहा नाही. त्यांनी थोडा वेळ दम धरला, मग "आगं, बसा, बसा" म्हणत सवयीने उठल्या आणि वरच्या फळीवरचा साखरेचा डबा काढायला हात उंच केला. गाठोडं फरशीवर पडलं. तिन्ही बाटल्या फुटल्या.

पार्वतीबाईंचा चेहरा बघवेना. बाईंनी खाली बघितलं, वर बघितलं आणि त्यांचं ते शिंप्याचं मशीन थांबवणारं हसू फुटलं. "अहो, चहासाठी तर चहासाठी. दुसऱ्या बाटल्या आहेत माझ्याकडे." बाळाला पुन्हा टोचलं, ते पुन्हा रडलं, मंगेशने पुन्हा हात पुढे केला, बाईंनी पुन्हा स्वतःच्या बोटात सुई घातली. या खेपेला पार्वतीबाईंच्या दंडाला एका शेजारणीने पदराने बांधून टाकलं. चहा मी केला. साखर जास्त झाली असं सगळ्यांनी सांगितलं, आणि कप रिकामे केले.

मायक्रोस्कोप अंगणात उन्हात मांडला, समोर घरातलं स्टूल ठेवलं, आरशाने उजेड आत घेतला. काचांवर रक्त पसरून, रंगवून बाई बाळाच्या काचेवर वाकल्या. त्या एरवी बघताना सारखं काहीतरी बोलायच्या. त्या दिवशी नुसती काच सरकवत राहिल्या. मी त्यांच्या पाठीमागे उभा होतो आणि मला त्यांची फक्त पाठ दिसत होती. पार्वतीबाई दंड अजून तसाच बांधलेला ठेवून उभ्या होत्या, सोडायचं कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

बाई उठल्या. सुगंधाला म्हणाल्या, "बस. तूच सांग."

सुगंधाने डोळा लावला. तिला बघता येत होतं, स्वतःची अर्धीमुर्धी मंडळी तिने ओळखून ठेवली होती. काच हळूहळू सरकवत ती इकडून तिकडे गेली आणि परत आली. "सगली निली हायत," ती म्हणाली. "बाई, सगली निली हायत ना?"

"सगळी."

पार्वतीबाई मटकन खाली बसल्या आणि सुनेच्या पाठीवर मोकळ्या हाताने थापट्या मारत रडायला लागल्या. बायका हसत होत्या, कोणी साखर आणायला आत गेली. मी बाळाला उचलून घेतलं, ते बिचारं दोनदा टोचून घेऊन शांत झोपलं होतं. मला इतका आनंद झाला होता की मी त्याला खाली ठेवेना.

सुगंधा मात्र स्टुलावरून उठली नव्हती. "मोट्याची काच लावा ना," ती म्हणाली. बाई थोड्या बिचकल्या. "त्याची आपल्याला माहीत आहे गं. त्यात आज नवीन काही नाही." पण ती हटेना, तेव्हा बाईंनी मंगेशची काच लावली. सगळी फिकट मंडळी. बाळाचं बघितलं त्याहून जास्त वेळ ती मंगेशचं बघत राहिली.

"ही पन माजीच हायत," ती म्हणाली. "यांना पन मीच पाठवलं. चांगली दिसतात, नाय?"

मग तिने काच काढली, स्टुलावरून उठून ओटीच्या कडेला बसत मंगेशला जवळ ओढलं, मांडीवर घेतलं आणि काच उन्हात धरून त्याला दाखवायला लागली, "बघ, हा तू." तो हसत काचेतून माझ्याकडे बघत होता.

टिपणीसबाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. गुडघे थकल्यावर लॅब बंद करून त्या बहिणीकडे नाशिकला गेल्या आणि तिथेच गेल्या. पण त्या दिवशीच्या बाई मला अजून तशाच दिसतात. त्यांनी चष्मा डोक्यावर सारला, घाईने स्टुलावर बसल्या आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. बराच वेळ वाकून बघत राहिल्या. "छान आहेत," त्या म्हणत होत्या, "फारच छान आहेत." मायक्रोस्कोपखाली काच नव्हती. ती सुगंधाच्या हातात होती.