सुकटीच्या पुडीतला कागद

माझ्या आतेच्या आवाजाला भिऊन मालवणच्या समुद्राला ओहोटी लागते, असं कुणी सांगितलं तरी मी शपथेवर खरं मानीन. ती मासळी विकायची, म्हणजे गिऱ्हाइकाला झापायची आणि मधूनच मासळी द्यायची. एका मास्तरांनी "ताजी आहे ना?" एवढंच विचारलं, तर म्हणाली, "ही फाटफटी, उजाडाच्या आदी, समुद्रात होती, मास्तर. तुमी खंय होतात?" मास्तर बिचारे दुप्पट मासळी घेऊन गेले.

२००७ साली मी मालवणात एका संस्थेत होते. बायकांना होणाऱ्या मारहाणीविरुद्धचा कायदा नवा होता आणि प्रचाराची आखणी माझ्याकडे होती. तीन महिने बैठका घेऊन मी पोस्टरं आणि पत्रकं काढली, पोस्टरं ग्रामपंचायतीत आणि एसटी स्टँडवर लावली. एक बाई फिरकेल तर शपथ. तेव्हा आते म्हणाली, "पत्रकां माझ्याकडे दी, मी वाटतंय." मी खूश. सोमवारच्या बाजारात बघते तर माझ्या पत्रकांच्या पुड्या वळून ही बया त्यात सुकट भरतेय! माझे डोळेच पांढरे झाले. मी भांडायला लागले, तर तिने मलाच सुनावलं, "भितीवरचा पोस्टर घोव आदी वाचता. त्याच्यासमोर बायल मान वर करतली? सुकटीची पुडी चुलीकडे बायलच सोडता."

पंधरवड्यात बायका यायला लागल्या. प्रत्येकीच्या हातात चुरगळलेलं पत्रक, आणि ऑफिसात सुकटीचा असा घमघमाट की आमचे साहेब नाकाला रुमाल लावून बसत. आतेची जिरवायची माझी हौस तिथेच जिरली.

मग एका दुपारी आतेची सून आली. गणपतीचं आमंत्रण असेल म्हणून मी चहा सांगितला. तिने चार घड्यांचं पत्रक टेबलावर ठेवलं. मी मूर्खासारखं विचारलं, "याला वास कसा नाही गो?"

"पुडी नव्हती. आयेन, तुमच्या आतेन, नुसतो कागद दिल्यान," ती म्हणाली आणि तिने पदर बाजूला केला. दंड काळानिळा होता.

मी हादरले. माझा आतेभाऊ! दर मे महिन्यात आंब्यांची पेटी स्वतः उचलून आणून देणारा. मी तालुकाभर सांगत हिंडले आणि माझ्याच माणसांत हे चाललं होतं. मी तशीच बाजारात गेले. आते मान खाली घालून सुकट निवडत होती. अख्ख्या गावाला झापणारी बाई घरात गप्प बसली होती.

"त्येचो हात माझ्यान धरवाक नाय," ती म्हणाली. "तुझो कागद पोचलो मा?"

सून पुढे माहेरी राहिली, कज्जा झाला. आतेभाऊ आईशी बोलायचा बंद झाला तो आजतागायत. आते अजून सोमवारी पत्रकांच्या पुड्या वळते. मधेच तिचा हात थांबला की मी मुद्दाम विचारते, "आते, सुकट ताजी आहे ना?" कधी ओरडते. कधी नुसतीच माझ्याकडे बघत राहते.