सुकेळी कधी उलटायची

नंदाखाल गावच्या अनुजचं डोकं त्या सकाळी पार उठलं होतं. जगभरची माणसं मिळून फुकटात लिहितात अशा एका सॉफ्टवेअरमधली चूक त्याने दुरुस्त केली होती आणि तिथल्या तपासनीस स्टेफीबाईंनी ती दुरुस्ती तिसऱ्यांदा परत पाठवली होती. आधी म्हणे कोडमधली नावं सगळ्यांसारखी ठेवा, मग म्हणे ओळी ठरल्या मापात बसवा. आता काय, तर असंच का केलंत ते नवख्याला समजेल असं लिहा. अरे, पण चालतंय ना? चालत्या गाडीला खीळ घालायची ही कसली हौस, त्याला खरंच उमगेना. ‘वाचलं की कळतंच,’ असं उत्तर ठणकावून लिहून त्याने लॅपटॉप मिटला.

मिटावाच लागला, कारण अंगणातून बाबा हाका मारत होते. तीस वर्षं राजेळी जातीची केळी सोलून, उन्हात वाळवून सुकेळी करणारे त्याचे बाबा हिरामण यंदा शिडीवरून पडले होते. उजवा हात प्लास्टरमध्ये. ही खेप बिघडली तर पुन्हा केळी वाळवायचा मांडव घालायचा नाही, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. काल अनुजने अंदाजाने केळी उलटली, तर निम्मी चिकटून फाटली.

“आता उलट,” बाबा म्हणाले.

“कोणती?”

“झालीत ती.”

“झाली हे कसं कळतं?”

“बघितलं की कळतंच!”

अनुज ओशाळला. आपलंच वाक्य बापाच्या तोंडून ऐकायला मिळालं होतं. वही आणून तो बसला. “किती दिवसांची उन्हं लागतात? रंग कसा दिसतो? सांगा, लिहितो.”

 बाबांनी डाव्या हाताने एक केळं दाबलं, ठेवलं, दुसरं दाबलं. पुन्हा पहिलं.

“या हाताला काही समजत नाही रे,” ते म्हणाले. “त्या हाताला ठाऊक होतं. मला कुठे ठाऊक होतं?”

 अनुजने वहीत लिहिलं.

“काय लिहिलंस? वाच.”

“राजेळी, तिसरं ऊन. कधी उलटायची, हे घरात कोणालाच सांगता येत नाही.”

बाबांनी मांडवावरचं एक केळं डाव्या हाताने हळूच उलटलं.

“खोडू नको,” ते म्हणाले. “त्याच्याखाली लिही, की आज एकच उलटून बघितलं.”