बशीमामांचा डबा आणि आळशी जंतू

३ फेब्रुवारी १९८१ रोजी बशीमामांनी सत्तावीस रुपये पन्नास पैशांना तीन पुडांचा नवा जेवणाचा डबा घेतला आणि तिथूनच घोळ सुरू झाला.

इस्पितळाच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवायच्या काचेच्या बशा धुतात म्हणून ते बशीमामा. निवृत्तीला चार महिने उरलेले. धुलाईघरातल्या बायकांच्या हातांवर न भरणाऱ्या जखमा व्हायच्या आणि त्यांचं मूळ शोधून डॉक्टरबाई मेटाकुटीला आल्या होत्या. जखमेतला पू बशीत घालायचा, बशी उबदार कपाटात ठेवायची, दोन दिवसांत काही उगवलं नाही की मामांनी ती धुवायची. कधीच काही उगवत नसे.

त्याच कपाटात मामा गुपचूप जेवण कोमट ठेवत. नवा डबा मात्र उंच निघाला. त्याला जागा करायला त्यांनी चार बशा मागच्या कोपऱ्यात सारल्या आणि साफ विसरले.

पंधरवड्याने बाईंनीच कपाट उघडलं. समोर डबा!

"मामा, हे कपाट आहे की खानावळ?"

"बाई, गार कोबी घशाखाली उतरत नाही हो."

"मग उद्यापासून घरी बसून गरम खा!"

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात बाईंना मागच्या बशा दिसल्या. चारही बशांवर पिवळे ठिपके! त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "का हे तुमच्या कोबीतले?"

दुसऱ्या दिवशी मामी बाह्या सरसावून हजर. "माझ्या कोबीत जंतू? तपासा! यांना घरी बसवायचं की नाही, ते मग ठरवा."

डबा जप्त झाला. कोबीच्या बशा आणि जखमांच्या नव्या बशा शेजारी शेजारी ठेवल्या. निकालापर्यंत नोकरी टिकली. मामा येता-जाता कपाटापुढे हात जोडत, "कोबी, माझी लाज राख!"

पुन्हा पंधरवडा गेला. कोबीवर नुसती बुरशी. जखमांच्या बशांवर तेच पिवळे ठिपके.

"जंतूच आहे," बाई म्हणाल्या, "पण महा आळशी. दोन दिवसांत उठतच नाही."

"म्हणजे आमच्या ह्यांचा सख्खा भाऊच की!" मामी म्हणाल्या.

मामा ठरल्या दिवशी निवृत्त झाले. जप्तीतला डबा वाफेवर निर्जंतुक करताना त्याची प्लॅस्टिकची मूठ वितळली होती. नव्या मुठीचे सव्वातीन रुपये डॉक्टरबाईंकडून अजून यायचे आहेत.