बिनबांगड्यांचे हात

अंबिकाने काढलेले फोटो नांदेडच्या एका कॉलेजात लागणार हे कळलं, तेव्हा पुनमने पहिल्यांदा विचारलं, "मी हाय का त्यात?"

"हायस की ताई. बघशील तवा."

अंबिकाला जन्मापासून कातडीचा दुर्मीळ आजार. जरा घासलं की फोड, फोड फुटला की जखम. डॉक्टरांनी सांगितलेलं लांबलचक नाव भोकर गावात कुणाच्या जिभेवर बसलंच नाही. घरात 'अंबीचं दुखणं' एवढंच. ते कसं जगावं लागतं हे लोकांना दिसावं म्हणून ती वर्षभर मोबाईलवर फोटो काढत होती. चादरीवरचे डाग, शिवण टोचू नये म्हणून उलटा घातलेला कुडता, दोरीवर वाळणाऱ्या पट्ट्या.

पुनम तिच्याहून चार वर्षांनी मोठी. तिला लहानपणापासून अंबीचा हेवा वाटायचा, आणि आजारी बहिणीचा हेवा करते म्हणून स्वतःचाच राग यायचा. पोळीचा मऊ पापुद्रा अंबीला. पुनमला ताप आला तरी आई, कावेरीबाई, म्हणायची, "तुला काय झालंय? धडधाकट हायस." पाहुणे अंबीजवळ बसायचे आणि पाणी पुनमकडे मागायचे. लग्नसुद्धा गावातच लावून दिलं, रोज सकाळी पट्ट्या बदलायला येता यावं म्हणून.

नांदेडला ती लग्नातला शालू नेसून गेली. नवरा दयानंद सोबत होता. हॉलभर तिने स्वतःचा चेहरा शोधला. आई दोनदा होती. शेजारच्या नागम्माची शेळीसुद्धा होती. कोपऱ्यातल्या फोटोत मात्र नुसते दोन हात, पट्टी गुंडाळणारे. तिचेच. मनगटं मोकळी, कारण काच लागली की अंबीची कातडी निघते. पट्ट्यांना हात घालण्याआधी पुनम बांगड्या उतरवून ठेवते.

त्या फोटोपुढे दोन बायका उभ्या होत्या.

"बिचारी. एवढ्या कमी वयात नवरा गेला, अन् बहिणीचं करून राहिली."

"हाव ना. पांढरं कपाळ दिसू नये म्हणून तोंड घेतलं नसल."

मागे दयानंद समोसा खात होता. त्याचा घास तोंडातच राहिला. "मी गेलो कव्हा?"

पुनमने अंबिकाला खिडकीपाशी गाठलं. "काढ तो फोटो."

"सगळ्यात चांगला तोच हाय, ताई."

"तुझ्यासाठी चांगला! वर्षभरात माझं एक तोंड आलं न्हाई, अन् आले ते रांडावलेले हात!"

अंबिका खाली बघत म्हणाली, "तोंडाचेबी काढले होते. लई. पुसून टाकले. तू दिसायला अशी, ताई, की तू फोटोत आलीस की माझ्याकडं कोण बघतंय?"

इतकी वर्षं पुनमला वाटत होतं, या घरात जळणारी आपण एकटीच.

तिने टेबलावरचा कागद ओढला आणि ठळक अक्षरांत लिहिलं : 'हे हात अंबिकाच्या मोठ्या बहिणीचे, पुनमचे. नवरा जिवंत आहे. काच लागून कातडी निघते, म्हणून पट्ट्या बांधताना बांगड्या काढते.' आणि कुणाला न विचारता तो फोटोखाली चिकटवला.

तासाभरात सगळ्यात जास्त गर्दी त्याच कोपऱ्यात. लोक वाचायचे, हसायचे, मग एकाएकी हसू थांबायचं आणि पुन्हा फोटोकडे बघायचे. त्या दोन बायका फोटोशेजारी उभ्या पुनमपाशी येऊन ओशाळून म्हणाल्या, "माफ कर गं माय." कुणी विचारलं, रोज किती वेळ लागतो? पुनम सांगू लागली, दीड तास, थंडीत दोन.

अंबिका समोरच्या भिंतीपाशी एकटी उभी राहून बघत होती. ती नजर पुनमने ताबडतोब ओळखली. तिची स्वतःचीच होती ती, जन्मभराची. तिला हाक मारावी, इथं बोलवावं, असं मनात आलंही.

"हे तुमचेच हात का?" पुढच्या बाईने विचारलं.

"हाव, माझेच," पुनम म्हणाली, आणि जागची हलली नाही.