रोवणीतल्या फोनांची राखण

सौंदडच्या निर्मलाबाई शहारे भाताच्या रोवणीच्या दिवसांत गाडीत चढल्या की पोटुशी दिसतात. साठीला टेकलेली बाई, केस पांढरे, आणि लुगड्याखाली हे एवढं पोट. नवखा माणूस गोंधळून जागा देतो आणि निर्मलाबाई बिनदिक्कत बसतात. पोटावर बांधलेलं असतं टोळीतल्या बायांच्या फोनांचं पुडकं. दोन पॉलिथिनच्या थैल्या, वर खताच्या चुंगडीचा तुकडा आणि सुतळीची गाठ. चोराला फोन पाहिजे असेल तर आधी माझं पोट फाडावं लागते, असं त्या सांगतात आणि वरून हसतात.

हे सुरू झालं मंदाबाईपासून. टोळी सकाळच्या गाडीनं दोन-तीन ठेसनं पुढच्या गावांत रोवण्याला जाते. असंच जाताना एकदा मंदाबाईचा डोळा लागला आणि थैलीतला फोन कोणीतरी अलगद काढून उतरून गेला. मंदाबाईनं त्या चोराच्या सात पिढ्या उद्धारल्या, पण फोन काही आला नाही. तेव्हापासून गाडीत चढण्याआधी सगळ्यांनी फोन बंद करून निर्मलाबाईच्या हाती द्यायचे आणि दुपारी जेवताना घटकाभर परत घ्यायचे, असं ठरलं. चिखलात कंबर वाकवून उभ्या असलेल्या बाईनं फोन ठेवावा तरी कुठं? कमरेला खोचला तर बांधीतल्या पाण्यात पडतो, बांधीच्या कडेला धुऱ्यावर ठेवला तर नजर हटते. निर्मलाबाई पुडकं भाकरीच्या डब्यांसोबत झाडाच्या फांदीला टांगत आणि रोवता रोवता मान वर करून पाहत राहत.

एका दिवशी काम होतं ताराचंद पटल्यांच्या शेतात. बांधी अगदी सडकेला लागून, आणि धुऱ्यावर मोहाचं एकच झाड. त्या झाडाखाली गोंदियाचा फेरीवाला श्यामलाल प्लास्टिकच्या टबांनी लादलेली मोटरसायकल लावून सावलीत बसला होता. हिंदी बोलणारा, गोड तोंडाचा. निर्मलाबाईचं मन काही मानलं नाही. पुडकं फांदीला न टांगता त्या पऱ्ह्यांच्या ढिगाकडे गेल्या. खणून आणलेल्या भाताच्या रोपांच्या पेंड्या तिथं रचून ठेवल्या होत्या. त्यांनी दोन पेंड्या सोडल्या, पुडकं मधात ठेवलं, चारही बाजूंनी रोपं लावली आणि तणसानं आवळून एकच जाड पेंडी बांधली. ढिगात ठेवली तर त्यांच्या त्यांनाच ओळखू येईना. आपल्या अकलेवर खुश होऊन त्या बांधीत उतरल्या. कोणाला सांगितलं मात्र नाही.

जेवणाच्या वेळी रंजितानं सगळ्यांत आधी हात धुतले. तिचा नवरा अतुल तेलंगणात कंपनीत आहे. त्याला फोन करायला मिळतो तो दुपारच्या सुट्टीत, तेवढाच. सकाळी लेकीच्या अंगात ताप होता, तेही त्याला सांगायचं होतं. निर्मलाबाई पुडकं आणायला गेल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. ढिगाच्या जागी ओली माती आणि तुटकी चार रोपं होती.

त्यांचा चेहरा पाहूनच बायांना समजलं. सगळ्यांच्या नजरा मोहाच्या झाडाकडे वळल्या. मंदाबाई तर चालूनच गेली आणि तिनं मोटरसायकलची चाबी काढून मुठीत धरली. जुना राग होता, त्याला आज माणूस सापडला. फोन काढ म्हणाली, नाही तर पटल्याले बोलावतो. श्यामलालनं हातातली भाकर खाली ठेवली. ती भाकर बायांनीच त्याला दिलेली होती.

"माताजी, डिक्की देख लो, एक एक टब उलटा कर लो," तो म्हणाला. "चोर होता तो यहाँ बैठके आपकी चटनी खाता क्या?"

निर्मलाबाईंनी तेव्हा गप्प राहायचं ठरवलं असतं, तर थोडा वेळ तरी झाकून गेलं असतं. रंजिता रडायच्या बेतात होती. बाकीच्या टब उतरवायला लागल्या होत्या.

"त्याची चाबी दे मंदा," निर्मलाबाई म्हणाल्या. "पुडकं म्या पेंडीत बांधली होती. ढीगच नाही तं तो काय करंल?"

"पेंडीत?" मंदाबाई म्हणाली. "आन् आमाले सांगतली काऊन नाही?"

तेवढ्यात पटल्यांचा गडी सुखराम रिकामी कावड खांद्यावर घेऊन आला. ढीग कुठं गेला विचारलं, तर त्यानं मोठ्या बांधीकडे बोट केलं. तुमी जेवून येईपर्यंत पेंड्या फेकून ठेवलो, एक बाकीच्यांहून लगित जड लागली, मले वाटलं मुळांले मातीच जास्त हाय, असं तो सांगत होता.

मोठ्या बांधीत पाणी पिंडरीभर आणि चिखल त्याच्याहून खोल. त्यात जिकडे तिकडे हिरव्या पेंड्या, सगळ्या एकसारख्या. रंजिता धावत उतरणार, तोच निर्मलाबाईंनी तिचा हात धरला. पाय पडला तर पुडकं खाली जाईल, मग नांगरानंच निघेल. रोवायला धरतो तशी पात धरा म्हणाल्या, आणि पायाआधी हात टाका. बाया एका ओळीत सरकू लागल्या. प्रत्येक पेंडी उचलायची, तोलायची, खाली ठेवायची. निर्मलाबाई ओठातल्या ओठात देवाचं नाव घेत होत्या.

अर्धी बांधी संपली तेव्हा मंदाबाई थांबली.

"सगळ्या उभ्या आहेत," ती म्हणाली. "ते एक निजली काऊन?"

फेकलेली पेंडी मुळांच्या भारानं सरळ उभी बसते. धुऱ्याजवळची एक मात्र आडवी पडली होती. निर्मलाबाईंनी ती दोन्ही हातांनी लेकरासारखी उचलली आणि छातीशी धरली. लुगडं चिखलानं भरलं त्याची शुद्ध नव्हती.

धुऱ्यावर बसून तणस सोडलं, चुंगडीचा तुकडा सोडला. वरच्या थैलीत घोटभर पाणी होतं. आतली थैली कोरडी. फोन एकेक करून चालू झाले, एकेकाचं गाणं वाजलं आणि प्रत्येक वेळी बायांनी सुस्कारा टाकला. रंजिताच्या फोनची घंटी तर लगेच वाजली. अतुल विचारत होता, फोन बंद काऊन होता. "जेवण करून राहिलो होतो," रंजिता म्हणाली, आणि रडता रडता हसू लागली. मग लेकीच्या तापाचं सांगायला ती बाजूला गेली.

मंदाबाईनं चाबी परत दिली. माफी तिच्या तोंडून निघाली नाही. तिनं एक निळा टब घेतला, भावात मात्र काही सोडलं नाही. श्यामलालनं उरलेली भाकर संपवली, चटणी आणखी मागून घेतली आणि सुखरामलाही जवळ बसवलं. निर्मलाबाई जेवल्या नाहीत. पाणी पिऊन नुसत्या टेकून बसल्या, डोळे मिटून, जसा काही डोक्यावरचा भारा आत्ताच उतरला.

संध्याकाळी परतीच्या गाडीत त्यांनी फोन जिचे तिला देऊन टाकले. माझ्यानं आता राखण होत नाही म्हणाल्या. बायांनी घेतले, वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी सौंदडच्या फलाटावर मंदाबाईनं आपला फोन बंद केला आणि त्यांच्या ओटीत टाकला. मग दुसरीनं, तिसरीनं. रंजिता शेवटची.

"ठेव मावशी," ती म्हणाली. "फकत कुठी ठेवतेस ते आमाले सांगून ठेव."

निर्मलाबाईंनी सुतळीची गाठ मारली. गाडी आली तेव्हा एका पोरसवदा माणसानं उठून त्यांना जागा दिली, आणि मंदाबाई मागून म्हणाली, बस माय बस, सांभाळून.