काढलेलं चाक

गार्गीला पाजता पाजता प्रणिताचे डोळे मिटू लागले आहेत. भर दुपार. पोरीचे दात येताहेत, दोन रात्री कुणाला धड झोप नाही, आणि खिडकीबाहेर अंगणात नवऱ्याचा हातोडा ठकठक चालला आहे. पापणी खाली येते, हातोडा पडतो, पापणी उघडते. झोपायचं नाही, असं ती स्वतःला बजावते. व्यंकट पिकअपखाली आहे.

पाण्याचे जार वाहून वाहून पिकअपच्या मागच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. गॅरेजवाल्यानं चार दिवसांनी या म्हटल्यावर व्यंकटनं कुठून तरी जुना पाटा पैदा केला आणि घरीच काम काढलं. मागचं चाक काढून मोसंबीच्या झाडाला टेकवलं, फरशीच्या तुकड्यावर जॅक चढवला आणि खाली शिरला. नेमकं तिथंच रोज जार धुतात. माती भुसभुशीत. सकाळपासून तीनदा तिनं सांगून पाहिलं.

"अहो, काढलेलं चाक गाडीखाली आडवं घाला. जॅक सुटलाच तर गाडी चाकावर बसेल. आमचे आप्पा त्याशिवाय कुणाला खाली जाऊ द्यायचे नाहीत."

"चाक मधे येतंय, हात फिरत नाही," गाडीखालून आवाज. "आणि तू पाटेवाल्याची पोरगी आहेस, पाटेवाला नाहीस. बी.एस्सी. फिजिक्स! जा, तिला झोपव."

स्वतःच सरकवावं, तर गार्गी खाली ठेवू देत नाही. ठेवली की किंचाळते. कडेवर मूल घेऊन ते चाक काय हलणार?

पापणी पुन्हा खाली येते. या वेळी ती वर होत नाही.

पलंग आता आप्पांच्या दुकानातलं बाकडं आहे. भट्टीत पाटा लालबुंद झालाय. आप्पा चिमट्यानं तो ऐरणीवर घेतात, घण घालून त्याला बाक देतात, पण आवाज होत नाही. गेल्या आषाढात आप्पा वारले, गार्गी मार्गशीर्षात झाली. हे प्रणिताला इथंही ठाऊक आहे, आणि त्याचं नवल वाटत नाही.

"जेवलीस का माय?" ते विचारतात.

"आप्पा, ते खाली शिरलेत. चाक न घालता."

"बघितलं मी."

"मग सांगा ना त्यांना!"

"सांगितलं की. जावयाला सासऱ्याचं ऐकू येत नसतंय. मी होतो तवा बी येत नव्हतं." आप्पा हसतात. तिला हसू येत नाही.

दुकानाची मागची भिंत म्हणजे कॉलेजची प्रयोगशाळा आहे. टेबलांवर स्टँड उभे, स्टँडांना स्प्रिंगा टांगलेल्या. शेवटच्या स्प्रिंगला वजनाच्या जागी त्यांची पिकअप लोंबते आहे, जारांसकट, आणि तिच्या बरोबर खाली फरशीवर व्यंकट उताणा पडून नट आवळतो आहे. स्प्रिंग ताणली जाते. प्रणिता मापपट्टी शोधते. किती लांबली ते लिहायला हवं, पण वहीची पानं ओली आहेत, पेन उमटत नाही.

"लिहून काय होणार हाय?" आप्पा शेजारीच उभे. "तू त्याला कितींदा सांगितलंस?"

"तीनदा."

"मग सांगायचं झालं. आता चाक सरकव."

"हिला कुठं ठेवू?"

आप्पा ग्रीसनं माखलेले दोन्ही हात पुढं करतात. "आण इकडं."

ती पोरीला छातीशी घट्ट धरते. आईनं लहानपणापासून बजावलंय, गेलेलं माणूस स्वप्नात येऊन काही मागू लागलं तर देऊ नये. पाण्याचा तांब्यासुद्धा नाही.

"आप्पा, दुसरं काहीही मागा."

"मी मागत न्हाई गं. तुझे हात मोकळे करतोय."

आता ती दोघं अंगणात आहेत. फरशीचा तुकडा मातीत बोटभर खचतो. जॅक कलंडू लागतो, पण इतका सावकाश, की तो थांबवायला जन्मभर वेळ आहे असं वाटावं.

ती गार्गीला आप्पांच्या हातात देते. गार्गी रडत नाही.

प्रणिता चाकाकडं धावते, टायरला मिठी मारते. चाक हलत नाही. ते जणू मोसंबीच्या मुळाशी रुजलंय. मागं वळून बघते तर आप्पा नातीला खांद्यावर घेऊन लांब, पार लांब निघालेत. "ही बघ भट्टी. ही बघ ऐरण," त्यांचा लाडाचा आवाज बारीक होत जातो. इकडं जॅक. तिकडं पोरगी. कुणाकडं धावावं? ती ओरडते. ओरडा बाहेर पडत नाही.

डोळे उघडतात. गार्गी शेजारी झोपलेली आहे.

बाहेर हातोडा बंद आहे.

"अहो?"

ती खिडकीतून पुन्हा हाक मारते.

ती उठते, अनवाणीच अंगणात धावते. गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले, हलत नाहीत. ती त्यांच्याकडं बघतही नाही. दोन्ही हातांनी चाक ओढते, ढकलत नेते, आडवं पाडते, गुडघ्यांवर बसून गाडीखाली रेटते.

"अगं ए! डोळ्यात माती गेली की!"

"हाक मारली तर ओ देता येत नाही?"

"तोंडात नट होता." व्यंकट म्हणतो, "राहू दे आता ते चाक. बाळ कुणाजवळ आहे?"

आली तशी ती आत पळते. गार्गी जागी आहे. रडत नाही, पाय उडवत भिंतीकडं बघून हुंकारते आहे. उचलायला प्रणिता वाकते आणि तशीच थांबते. पोरीच्या पिवळ्या झबल्यावर, उचलताना जिथं धरतात तिथं दोन्ही काखांखाली, काळ्या ग्रीसचे दोन रुंद अंगठे उमटले आहेत.

ती स्वतःचे हात बघते. लाल मातीनं भरलेत. उठल्यापासून तिनं पोरीला हात लावलेला नाही.

ती एका ठशावर बोट टेकवते. ग्रीस अजून कोमट आहे.